संजीवन सभा: बारा आठवडे आधीपासून सहा महिने नंतरपर्यंत काय, कोणत्या क्रमानं करायचं

संजीवन सभा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत आध्यात्मिक जाग यावी म्हणून सलग काही संध्याकाळी घेतलेल्या प्रवचन-प्रार्थनेच्या सभा. बहुतेक मंडळ्यांत त्यांची तयारी वक्त्याच्या तारखेपासून सुरू होते. पंचांच्या (मंडळीच्या निवडून दिलेल्या कारभाऱ्यांच्या) मिटिंगमध्ये कुणीतरी नाव सुचवतं, फोन होतो, तारीख मिळते, मग मंडप, बॅनर आणि जेवणाचं कंत्राट. सभेचे दिवस चर्च भरतं, शेवटच्या रात्री अर्धी मंडळी पुढे येऊन गुडघे टेकते, आणि तिसऱ्या रविवारी तेच दोन गट त्याच दोन दारांनी बाहेर पडतात. दोष सहसा वक्त्याचा नसतो; कामाचा क्रमच उलटा लागलेला असतो.

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक या नजरेनं वाचून बघा. पहिल्या अध्यायात शोक, उपास आणि प्रार्थना. पाचव्यात आपल्याच भावांकडून घेतलेलं व्याज आणि बळकावलेली शेतं परत करणं. आठव्यात लोकांपुढे नियमशास्त्राचं वाचन, नवव्यात पापांगीकार, दहाव्यात लेखी करार. आपण सरळ आठव्यापासून सुरुवात करतो आणि नवव्यावर मंडप सोडतो.

खालचे टप्पे मध्यम आकाराच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीसाठी लिहिले आहेत. वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत रिट्रीटची आणि पापनिवेदनाची रचना वेगळी असते, पण टप्पा २, ३ आणि ८ तिथेही उपयोगी पडतील.

## टप्पा १: वेळ निवडा (१२ आठवडे आधी)

तारीख वक्त्याच्या डायरीतून येऊ देऊ नका, आपल्या लोकांच्या वर्षातून काढा.

लेंटचे (ईस्टरआधीच्या उपासकाळाचे) दिवस सगळ्यांना आधी सुचतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून ४० दिवस मिळतात आणि मनाची तयारीही असते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. त्या घरातली आई सभेला येत नाही आणि तरुण संघ निम्मा होतो. डिसेंबरात नाताळची घाई. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या खेड्यांतली कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. नोव्हेंबरात सभा ठेवली तर ज्यांच्यापर्यंत पोचायचं तीच घरं कुलूपबंद असतात. अशा मंडळीनं खुरपणी उरकल्यावर, दसऱ्याच्या आत सभा घ्यावी. शहरी मंडळीला गणपती उठल्यानंतरचा पंधरवडा किंवा ऑक्टोबरची सुरुवात बरी पडते.

सावधान: पंचांच्या निवडणुकीच्या आसपास संजीवन सभा ठेवू नका. त्या दिवसांत पुढच्या रांगेत बसून रडणाऱ्या माणसाकडेही लोक उमेदवार म्हणूनच बघतात.

## टप्पा २: भांडणं आधी मिटवा (सभेआधीचा आठवडा १२ ते ७)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात जास्त मंडळ्या हाच टप्पा गाळतात.

मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी आणलेलं दानसुद्धा तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. मत्तय १८ मध्ये पायऱ्याही दिल्या आहेत: आधी एकट्यानं जा, मग एकदोघांना घेऊन जा, आणि त्यानंतर मंडळीला सांगा. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपपासून सुरुवात होते, मग धर्मप्रांताच्या कार्यालयात अर्ज, मग वकील. समोरच्या घराचं दार कुणी वाजवलेलंच नसतं.

१. तीन जणांचा समेट गट करा. त्यात एक ज्येष्ठ बाई असायलाच हवी. कोणत्याच गटाचा नाही असा एक वडील घ्या. तसा मंडळीत सापडत नसेल तर शेजारच्या मंडळीतून मागा. पाळकसाहेब स्वतः एखाद्या वादात ओढले गेले असतील तर त्या वादापुरते त्यांनी बाजूला राहावं.

२. यादी तोंडी ठेवा. मिनिट बुकात काही लिहू नका. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) येणं बंद झालं, कोणाच्या मयतीला कोण गेलं नाही, एवढं गटाला माहीत असलं की पुरे.

३. दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटा, त्यांच्या घरी, आणि एका बैठकीत एकाच घरी. पहिल्या भेटीत फक्त ऐकून घ्या. "सोडून द्या आता, जुनं झालं" हे वाक्य पहिल्या भेटीत उच्चारलं की दार बंद झालंच म्हणून समजा.

४. माफीचे शब्द आधी बसवून घ्या. "माझं काही चुकलं असेल तर माफ करा" ही माफी नव्हे. 'असेल तर' म्हटलं की चूक समोरच्याच्या समजुतीवर ढकलली जाते आणि त्यालाही ते बरोबर कळतं. माणसानं आपलं कृत्य नाव घेऊन सांगितलं पाहिजे: "मागच्या वर्षी हॉलच्या भाड्यात तुम्ही पैसे खाल्ले असं मी मिटिंगमध्ये बोललो. माझ्याकडे पुरावा नव्हता. मी खोटं बोललो." हे बोलताना आवाज अडकतो, मान खाली जाते, कधी मध्येच पाणी मागितलं जातं. त्या वेळी गटातल्या कुणीही वाक्य पूर्ण करून देऊ नये.

५. जे सभेत बोललं गेलं ते सभेतच मागे घ्यायचं. चार पंचांसमोर केलेल्या आरोपाची माफी स्वयंपाकघरात मागून भागत नाही.

मालमत्तेचे वाद कोर्टात चालू असतील तर "सभेआधी केस मागे घ्या" अशी अट घालू नका. हक्काचा प्रश्न कोर्टात राहू शकतो. त्यापायी झालेली शिवीगाळ, मुलांच्या लग्नात घातलेला खोडा, दफनभूमीवरून अडवलेली मयत मात्र आज, इथेच मिटवायची गोष्ट आहे.

एका रेघेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. पूर्वाश्रमीच्या जातीवरून कोणत्या घरी जेवायचं, कोणत्या घरात मुलगी द्यायची, हे हिशेब काही मंडळ्यांत अजून चालतात आणि पंचांच्या निवडणुकीत तर आकड्यांनिशी चालतात. समेट गटाच्या यादीतून हा विषय सुटला तर बाकीचे समेट वरवरचे राहतात. तो व्यासपीठावरून उगाळायला नको. पंचांनी एकमेकांच्या घरी जेवायला जावं आणि मुलाबाळांना सोबत न्यावं, सुरुवात तिथून होते.

सावधान, आणि इथे अपवाद नाही: गुन्ह्याचा समेट होत नसतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पंचांना आणि पाळकांनाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर, सभेच्या आधी घरी परत जा" असं सांगणाऱ्या मंडळीनं संजीवनाचं नाव घेऊ नये. तिच्या सुरक्षिततेची सोय आधी करा.

थांबून बघा: सभेला सहा आठवडे उरले तरी एकही समेट झाला नसेल तर तारीख पुढे ढकला. वक्ता अजून ठरलेला नाही, बॅनर छापलेला नाही, त्यामुळे हे सहज जमतं. पुढचे टप्पे मागे ठेवण्याचं एक कारण हेच आहे.

## टप्पा ३: हिशेब, किल्ल्या, भांडी (आठवडा ८ ते ६)

जक्कय या जकातदारानं (लूक १९) आधी परतफेडीची घोषणा केली, आकड्यासकट. मंडळीनंही आकड्यापासून सुरुवात करावी.

- मागच्या वर्षाचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा. लेखापरीक्षण व्हायचं असेल तर तेही लिहा, "काम चालू आहे" म्हणून कागद दडवू नका.
- चर्चच्या वस्तू कोणाकडे आहेत ते उघड करा: माइकचा सेट, सतरंज्या, मोठी पातेली, पेटी, स्टोअरच्या किल्ल्या. आठवडाभराची मुदत द्या आणि आणून देणाऱ्याला एकही प्रश्न विचारू नका.
- महिला मंडळाची भिशी किंवा तरुण संघाची वर्गणी अडकली असेल तर ती व्यक्तीशी खासगीत बोलून हप्त्यांनी परत घ्या.
- पाळकांचा पगार थकला असेल तर आधी तो द्या. थकलेला पगार ठेवून वक्त्याला जाडजूड पाकीट देणाऱ्या मंडळ्या आहेत. पाळकांच्या घरातली माणसं ते पाकीट बघत असतात.

सभेच्या खर्चासाठी वेगळं दान घेतलं तर पावती द्या आणि खर्चाचा आकडा आधीच ठरवून जाहीर करा. माझा सल्ला विचाराल तर सभेच्या संध्याकाळी दानाची पिशवी फिरवूच नका. खर्च आधी जमवावा, नाही जमला तर मंडप लहान करावा.

## टप्पा ४: प्रार्थनेचे गट (आठवडा ८ पासून)

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेचे गट जानेवारी १९०५ मध्ये सुरू केले आणि जागृती आली ती जूनअखेर. मधले पाच-सहा महिने लक्षात ठेवा. 'साखळी उपवास-प्रार्थना' सभेच्या आदल्या रात्री एकदा उरकण्याची सवय सोडायला हवी.

वाडीवार किंवा गल्लीवार सहा-आठ जणांचे गट करा. आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं. वेळ अशी वाटून घ्या: एक स्तोत्र सावकाश मोठ्यानं वाचणं, पाच मिनिटं पूर्ण शांतता, मग एकेकाची छोटी प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. पहिल्या चार आठवड्यांसाठी ५१, ३२, ८५ आणि १३० ही स्तोत्रं पुरतात.

या गटांत तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, प्रार्थनेतून चहाडी. "प्रभू, अमक्या काकांच्या मुलाला तू त्या वाईट संगतीतून सोडव" म्हटलं की घरी जाईपर्यंत गल्लीला खबर पोचते. नियम ठेवा: पाप सांगायचं तर स्वतःचं, दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना फक्त नाव.

दुसरी, नाश्ता. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा-फरसाण, चौथ्या घरी समोसे, आणि सहाव्या घरातली विधवा बाई "आमच्याकडे नको" म्हणते. फक्त चहा, सगळ्यांकडे सारखा, असं पहिल्याच दिवशी सांगा.

तिसरी, एकाच माणसाची वीस मिनिटांची प्रार्थना. यावर उपाय म्हणजे गटप्रमुखानं आधीच "दोन-तीन वाक्यांत" असं सांगणं आणि स्वतः तसं करून दाखवणं.

उपास ऐच्छिक ठेवा. मधुमेही, गरोदर, बाळंतीण, नियमित गोळ्या घेणारे यांना स्पष्ट सांगा की त्यांनी जेवायचं आहे. यशया ५८ वाचून घ्या म्हणजे उपासाचा अर्थ पोटापुरता उरणार नाही.

## टप्पा ५: आता वक्ता (आठवडा ६)

बोलावण्याआधी त्यांच्या मंडळीतल्या माणसांना त्यांच्याविषयी विचारा. यूट्यूबवरचा व्हिडिओ पुरेसा नाही. मराठीत सहज बोलणारा, शास्त्राचा एक उतारा घेऊन त्यावरच बोलणारा आणि वेळेत थांबणारा माणूस शोधा. नाव मोठं नसलं तरी चालेल. दुभाष्यामार्फत प्रवचन शक्य तो टाळा, अर्धा वेळ त्यातच जातो.

फोनवरच या गोष्टी ठरवा: प्रवचन ३५ मिनिटं, विषय मंडळी देईल, दानाचं आवाहन नाही, कोणाच्या घरी खासगी 'भविष्यवाणी' नाही, मानधन इतकं. हे ऐकून नाराज होणारा वक्ता न आलेलाच बरा. मंडळीतल्या भांडणांची माहिती त्यांना देऊ नका, नाहीतर व्यासपीठावरून टोमणे येतात आणि समेट गटाचं काम एका रात्रीत मोडतं.

परदेशी पाहुणा पर्यटक व्हिसावर आला असेल तर त्याला प्रवचनाला उभं करू नका. व्हिसाच्या अटींचा तो भंग ठरतो आणि त्रास त्याच्यासोबत मंडळीलाही होतो.

चार संध्याकाळी असतील तर विषय या क्रमानं द्या:

१. परतणं: लूक १५, उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकट्याबरोबर थोरल्या मुलावरही बोलायला सांगा. चर्चमध्ये थोरलेच जास्त असतात.
२. पाप आणि पश्चात्ताप: स्तोत्र ५१.
३. क्षमा आणि परतफेड: लूक १९, मत्तय १८ चा उत्तरार्ध.
४. पवित्र आत्मा आणि एकत्र जगणं: प्रेषितांची कृत्ये २:४२-४७.

आठ दिवसांच्या सभा नकोत. पाचव्या दिवशी ऐकणारे दमतात आणि वक्ते आवाज चढवू लागतात.

## टप्पा ६: परवानग्या आणि बॅनर (आठवडा ४)

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत तो लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. चर्चच्या आत सभा असेल तर बाहेर भोंगा कशाला? शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

बॅनरवर 'रोगमुक्ती', 'चमत्कार', 'बंधनातून सुटका' असले शब्द नकोत. १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा रोग बरे करण्याच्या अशा जाहिरातींना लागतो, आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावण्याला. वक्त्याचा चार फुटी फोटोही नको. तारीख, वेळ, ठिकाण, वचन, बस्स.

## टप्पा ७: त्या चार संध्याकाळी

गुरुवार ते रविवार घ्या, म्हणजे रविवारी सकाळच्या उपासनेत प्रभुभोजन येतं आणि संध्याकाळी चौथी सभा होते.

- ६:४५ भजन. टाळ, तबला, पेटी. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली, नारायण वामन टिळकांची पदं म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय येतात. त्यांना गाऊ द्या. तरुणांच्या कीबोर्डला एक-दोन गाणी द्या, आवाज मात्र शब्द ऐकू येतील इतकाच.
- ७:१५ शास्त्रवाचन. वाचणाऱ्यानं घरी तीनदा मोठ्यानं वाचून यावं.
- ७:२५ प्रवचन.
- ८:०० शांतता, दहा मिनिटं. मागे वाद्य वाजवू नका. पहिल्या रात्री लोक चुळबुळ करतील, तिसऱ्या रात्री नाही.
- ८:१० प्रार्थना, आशीर्वाद. साडेआठला बाहेर, लांबच्या लोकांची बस असते.

रोज सामुदायिक जेवण ठेवू नका. स्वयंपाकाला राबणाऱ्या बायका चारही दिवस प्रवचन ऐकू शकत नाहीत, आणि सभा संपल्यावर लोक फक्त रश्श्याबद्दल बोलतात. रविवारी दुपारी एकच प्रीतिभोजन, आणि वाढायला पंच.

फोटो काढायला एक माणूस नेमा आणि त्याला सांगा: प्रार्थना करणाऱ्याचा, रडणाऱ्याचा, पुढे आलेल्याचा एकही फोटो नाही. बाकीच्यांचे मोबाइल खिशात.

## टप्पा ८: पापांगीकार कसा घ्यायचा

पाप जितक्या लोकांविरुद्ध, कबुली तितक्यांपुढे. मनातलं देवापुढे, एका माणसाविरुद्धचं त्या माणसापुढे, मंडळीविरुद्धचं मंडळीपुढे. हा एक नियम पाळला तर निम्मे अनर्थ टळतात.

हातात माइक देऊन "ज्याला बोलायचं त्यानं या" असं आवाहन करू नका. त्यातून व्यभिचाराच्या कबुल्या चारचौघांत येतात, दुसऱ्याचं नाव उघड होतं, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागते. ज्यांना मंडळीपुढे बोलायचं आहे त्यांनी आदल्या दिवशी पाळकांना किंवा समेट गटाला भेटावं. काय बोलणार, कोणाचं नाव येणार, त्या व्यक्तीची संमती आहे का, एवढं तपासलं की बोलू द्यावं.

बाकीच्यांसाठी चर्चच्या दोन कोपऱ्यांत प्रार्थनेला माणसं बसवा. बायकांसाठी बायका, पुरुषांसाठी पुरुष, दिसतील अशा जागी. मुलांबरोबर कधीही एकट्या माणसानं बंद खोलीत बसू नये. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. पॉक्सोची अट मात्र इथेही लागू आहे.

कुणी थरथरलं, पडलं, मोठ्यानं रडलं तर घाबरू नका, नाचवूही नका. शेजारी बसा, पाणी द्या. १ करिंथ १४:४० मध्ये सर्व काही शिस्तीनं व्हावं म्हटलं आहे. फिट येणाऱ्या माणसाला भूतबाधा म्हणून मंत्रासारखं ओरडणं हा अत्याचार आहे. त्याला दवाखान्यात न्या. आजाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर करा, पण "गोळ्या बंद कर" असं कुणीही म्हणायचं नाही. मिरज, जालना, वडाळा (अहिल्यानगरकडचं) ही मिशन दवाखान्यांची गावं आहेत. देव औषधातून काम करतो हे आपल्या मंडळ्यांना नव्यानं शिकवायची गरज पडू नये.

थांबून बघा: रोज रात्री पाळक, समेट गट आणि वक्ता दहा मिनिटं बसा. कोणाला उद्या घरी भेटायचं, एवढाच विषय. किती हात वर झाले याची मोजदाद ठेवू नका.

## टप्पा ९: सोमवार सकाळ ते सहावा आठवडा

वक्ता गेला की काम थांबतं, म्हणून भेटींची वाटणी रविवारच्या आधीच करून ठेवा. प्रार्थनेला पुढे आलेल्या प्रत्येकाकडे ४८ तासांत कुणीतरी गेलं पाहिजे. भेट वीस मिनिटांची. उपदेश करू नका, "काय ठरवलंस, त्यात आमची कुठे मदत लागेल?" एवढं विचारा. दारू सोडायची ठरवणाऱ्याला नुसती प्रार्थना पुरत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (दारू सोडणाऱ्यांच्या आपसातल्या मदतगटाची) जवळची बैठक शोधून पहिल्या दिवशी सोबत जा. अचानक सोडल्यानं हातपाय थरथरू लागले, भास झाले तर लगेच डॉक्टर.

सभेच्या आठ आठवडे आधीपासून चालत आलेले प्रार्थनेचे गट मोडू नका, तेच आता शास्त्रपाठाचे गट करा. मार्काचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे. आठवड्याला तीन अध्याय धरले तर सहा आठवड्यांत आरामात होतं. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (कन्फर्मेशन) मागणाऱ्यांना नेहमीच्या वर्गातूनच जाऊ द्या. सभेच्या उत्साहात मंडपातच पाणी आणणं टाळा.

## टप्पा १०: लेखी ठराव आणि सहा महिन्यांनी तपासणी

सहाव्या आठवड्यानंतर मंडळीची सर्वसाधारण सभा घ्या आणि नहेम्याच्या दहाव्या अध्यायासारखा छोटा लेखी ठराव करा. चार-पाच कलमं पुरेत, आणि प्रत्येक कलम तपासता येईल असं. 'आम्ही प्रेमानं राहू' हे कलम नव्हे. 'जमाखर्च दर तिमाहीला बोर्डावर', 'नवीन कुटुंबाला महिन्याच्या आत दोन पंचांची भेट', 'पंचांबद्दलची तक्रार व्हॉट्सॲपवर न टाकता आधी समक्ष', 'बुधवारची प्रार्थना पाळक गावाला गेले तरी चालू' ही कलमं.

सहा महिन्यांनी पंचांनी ठराव समोर ठेवून एकेका कलमापुढे 'झालं' किंवा 'नाही' लिहावं. सोबत तीन प्रश्न घ्या: बोलणं बंद असलेल्या घरांपैकी किती एकमेकांकडे गेली, प्रभुभोजन सोडलेल्यांपैकी किती परत आले, बुधवारी किती जण येतात. हा कागद उपासनेनंतर मंडळीला वाचून दाखवा, 'नाही' लिहिलेल्या कलमांसकट. पुढच्या संजीवन सभेचा विषय कुणी त्याच मिटिंगमध्ये काढला, तर आधी 'नाही'च्या कलमांवर नावं आणि तारखा लिहून घ्या.